सिरिलचा चुकलेला दिवस

"बघा सिरिल, बाराव्याच दिवशी बंद!" डॉक्टर स्टाव्रूलानं फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

सिरिल पर्किस एकतीस वर्षं लंडनच्या त्या संस्थेत उंदरं सांभाळत होता. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली.

"काय बंद झालं, ते माझ्या मठ्ठ डोक्यात शिरेल असं सांगा, बाई."

"शेगडी स्वयंपाकघरात, पण गॅसची चावी जिन्याखाली, असं असतं ना? माणसाचं रक्ताचं जनुक नुसतं घातलं, तर उंदरात ते थंड बसायचं. यंदा त्याची ती लांबची चावीही जोडली, आणि पेटलं! पण हे गर्भातलं जनुक, पुढं आपोआप विझतं. कसं विझतं ते कळलं, तर एक दिवस मोठ्या माणसातही पुन्हा पेटवता येईल."

तिच्या भावाचं जन्मानंतर रक्त बनवणारं जनुकच बिघडलेलं. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं, तेव्हा जगायचा.

"आपल्या उंदरांत ते नेहमीपेक्षा एक दिवस आधीच विझतंय. गुरुवारी सगळ्यांपुढं सांगणार मी."

सिरिल फोटोतल्या गर्भाकडं बघत राहिला. पंजाच्या बोटांमध्ये खाचा पडल्या होत्या. बाराव्या दिवशी पंजा कसा, वल्ह्यासारखा असतो.

त्यानं मनात दिवस पुन्हा मोजले. जोडी लावली की रोज सकाळी मादीच्या शेपटीखाली मीलनाची घट्ट गुठळी शोधायची, दिसली की तो दिवस वहीत मांडायचा. तिथून मोजणी. या खेपेच्या जोड्या लावल्यावर रविवारी बर्फानं बस बंद, म्हणून हा घरी टोस्ट खात बसला. सोमवारी चारही माद्यांना झिजकी, म्हणजे आदल्या दिवसाची खूण दिसली. यानं ठोकून दिला सोमवार.

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"बाई, हा तेरावा दिवस आहे."

"काय?"

"रविवारी मी आलोच नव्हतो. वहीत खोटं लिहिलंय. मीच."

ती स्टुलावर बसली. "चारही माद्या कापल्या, सिरिल. तेवढ्याच होत्या तयार."

"घाला शिव्या."

"मला ग्रीकमध्येच येतात. तुम्हाला काय कळणार!" तिनं डोळे पुसले आणि सगळ्या तक्त्यावर आडवी रेघ मारली. "गुरुवारचं रद्द. पिंजऱ्यातल्या पोरी मोठ्या झाल्या की पुन्हा जोड्या लावा."

दीड महिन्यानं, सकाळी सातला, एका मादीला ताजी खूण दिसली. सिरिलनं तारीख लिहिली, सही केली आणि वही तिच्याकडं सरकवली.

"तुम्हीपण बघा. नि खाली सही करा."

"एकतीस वर्षांत कुणी केली नाही, मी कशाला करू?"

"करा."

ती वाकून बघेपर्यंत त्यानं मादीची शेपटी वर धरून ठेवली.