पंधरा पावलं मागे

बाबा चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते. खाली चौकातल्या नव्या वर्तुळाभोवती गाड्या न थांबता फिरत होत्या. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ते बघूनच बरं वाटत असावं.

"कोंडी फुटली, हे मान्य," ते म्हणाले. "पण ज्या शहाण्यानं रस्ता ओलांडायचे पट्टे मागे नेले ना, त्याला माझे गुडघे बसवायला हवेत. समोर दाढीला जायचं तर हा द्राविडी प्राणायाम."

"खुर्चीत बसून रेघा ओढायला काय जातं?" आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

मुलगी बुटाची नाडी बांधत राहिली. तो शहाणा म्हणजे तीच; चौकाचा आराखडा तिनंच केला होता. वर्तुळातून बाहेर पडणारी गाडी पट्ट्यांपाशी थांबली की मागे सगळं वर्तुळ तुंबायचं. म्हणून तिनं पट्टे वर्तुळापासून पंधरा पावलं मागे नेले. दोन गाड्यांना थांबायला जागा झाली. ओलांडण्याच्या जुन्या जागी कठडा घालायचा होता, पण उद्घाटनाची तारीख डोक्यावर आली आणि कठडा तिनं पुढच्या टप्प्यावर ढकलला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. घरी मात्र "वरून ठरलं" एवढंच सांगून ती मोकळी झाली होती.

"इकडून पंधरा, पलीकडे पंधरा, तीस पावलं, बाबा. त्यानं माणूस झिजत नाही."

"तुझी तीस, माझी साठ. नीघ आता, उशीर होतोय."

अकराच्या सुमारास बाबा दाढीला निघाले आणि जुन्या जागेवरूनच रस्त्यात उतरले. वर्तुळातून सुटलेल्या गाडीला पुढचा रस्ता मोकळा होता. तिनं वेग घेतला होता.

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी पोलिसांच्या अहवालाची प्रत घरी आली. 'पट्टे सोडून रस्ता ओलांडला. पादचाऱ्याची चूक.' आईनं तो कागद इतक्यांदा वाचला की तिला पाठच झाला. फोनवर मावशीला, जिन्यात शेजारणीला ती तेच ऐकवायची.

"हट्टी माणूस," एका संध्याकाळी ती मुलीला म्हणाली. "पंधरा पावलांचा आळस केला. चूक त्यांचीच, दुसऱ्या कुणाला काय बोलणार? चाळीस वर्षं सांभाळलं, आणि शेवटी स्वतःच्या आळशीपणानं..." तिच्या आवाजात रडण्यापेक्षा राग जास्त होता, आणि तो सगळा बाबांवर होता.

मुलीनं तिच्या हातातला कागद काढून घेतला.

"आई, ते पट्टे मी मागे नेले. आराखडा माझा होता. कठडा राहिला, तोही माझ्यामुळे. बाबा रोज बोलायचे ते मलाच होतं. मी त्यांना कधी सांगितलं नाही."