आत फक्त अडगळ आहे

मी एक जुनी मोटार आहे. रंगाने तांबडी, नाकाने लांब, डोक्यावर कापडी छत आणि पोटात दोनच माणसांची जागा. जपानात लोक सायकलवरून नुकते कुठे स्कूटरवर येत होते, त्या काळातला माझा जन्म. माझ्या वयाच्या आता फार थोड्या उरल्या आहेत. आम्हाला शोधत गावोगाव फिरणारी वेडी माणसे मात्र पुष्कळ. मित्रांनो, अशाच एका वेड्याची आणि माझी गाठ पडता पडता कशी राहत होती, ते आज तुम्हाला सांगते.

कारखान्यात मला जोडणारे हात अनेक होते, पण आठवतो तो एकच माणूस. इंजिन सुरू करून तो डोळे मिटायचा आणि तंबोरा जुळवणाऱ्यासारखा कान लावून ऐकायचा. सूर लागल्याशिवाय त्याने मला दाराबाहेर पडू दिले नाही.

तिथून मी यामागाताच्या डोंगरात आले ती जिनपाची नावाच्या गृहस्थांमुळे. त्यांचा लाकडाचा धंदा. शहरात गेले होते ओंडके वाहायला लहानसा ट्रक घ्यायला. दुकानाच्या काचेआड त्यांना मी दिसले आणि ट्रक राहिला बाजूलाच. त्या काळी आमच्याकडे तांबडा रंग म्हणजे आगीचा बंब, एवढेच लोकांना ठाऊक. मी गावात शिरले तशी माणसे पाण्याच्या बादल्या घेऊन धावत बाहेर आली. आग कुठे लागली, म्हणून जो तो विचारू लागला. तेव्हा जिनपाचींची बायको किनु दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "आग आमच्याच घराला लागलीय. ही बघा, धनी स्वतः चालवत घेऊन आलेत."

माझ्यात एक ओंडका मावेना. पण किनुबाई सुईण होत्या, आणि सुईणीची पिशवी शेजारच्या जागेवर झकास मावली. महिन्याभरात त्या मला चालवायला शिकल्या. मग काय विचारता! घाटाच्या वळणावर माझा आवाज आला की खालच्या वस्तीत कळा सोसणारी बाई म्हणायची, आली तांबडी, आता काळजी नाही. हिवाळ्यात बर्फ छातीएवढे चढे, तेव्हा मी घरी विसावा घेई आणि किनुबाई पेंढ्याचे जोडे घालून पायी निघत. त्या दरीतल्या कितीतरी लेकरांच्या जन्माची पहिली वर्दी माझ्याच भोंग्याने दिली आहे. देवाने मला वेगासाठी घडवले खरे, पण कामाला लावले ते पुण्याच्या.

शरदात गावच्या देवळात एक म्हातारे धर्मोपदेशक येत. बोलता बोलता त्यांचा आवाज हळूच सुरात शिरे आणि उपदेशाचे गाणे होऊन जाई. सारे देऊळ डोळे पुसत ऐके. मी अंगणात उभी राहून ऐकत असे. त्यांच्या एका गाण्यातली ओळ किनुबाईंच्या ओठी कायमची बसली. जवळ आहे ते उसने आहे, वापरताना जपावे, परत देताना हसावे. वळणावळणाला त्या ती गुणगुणत आणि खालून माझे इंजिन सूर धरी.

नव्या वर्षाला दारावर पेंढ्याची माळ लावायची, तशी तेव्हा मोटारींच्या नाकावरही बांधत. किनुबाई माझ्यासाठी ती स्वतः वळत आणि मधोमध एक छोटेसे संत्रे खोचत. मी वर्षभर त्या दिवसाची वाट पाहायची.

पुढे बाळंतपणे शहरातल्या दवाखान्यात होऊ लागली. जिनपाची देवाघरी गेले. माझे रस्त्यावर धावणे कायमचे थांबले आणि नंबराच्या पाट्या सरकारजमा झाल्या. त्या दिवशी किनुबाईंनी माझ्या चारी चाकांशी थोडी थोडी तांदळाची दारू ओतली, मीठ शिंपडले, कमरेत वाकून माझे आभार मानले आणि गोठ्याशेजारच्या पडवीचे दार ओढून घेतले. मग माझ्या पाठीवर सुकवायच्या फळांच्या टोपल्या आल्या आणि गादीत उंदरांचा संसार थाटला गेला. तळाचा पत्रा गंजाने पापडासारखा झाला. पण दर वर्षाअखेर दार उघडायचे, नाकावर नवी माळ चढायची. म्हणून मित्रांनो, माझ्याकडे दुर्लक्ष झाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता त्या वेड्याकडे येते. त्यांचे नाव तोगाशी. पलीकडच्या गावात त्यांचे रस्सा-शेवया वाढणारे दुकान. पोरवयात गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायच्या शेवयांच्या थाळ्यांची चळत खांद्यावर तोलत ते सायकलवरून चढ चढत होते, तेव्हा माझ्यासारखीच एक मोटार त्यांना मागे टाकून गेली. थाळ्या वाचल्या, पण मन गेले ते गेलेच. अशी एखादी मोडकी गाडी शोधून आपल्या हातांनी उभी करायची, हा त्यांचा ध्यास. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ते हिंडले. कुठे गाडी विकली गेली होती, कुठे नुसती गंजाची रांगोळी उरली होती. शेवटी एका गिऱ्हाइकाने शेवया ओरपता ओरपता सांगितले, या दरीत एक सुईण होती, तांबड्या गाडीतून यायची.

तोगाशी गोड बनपावांचा डबा घेऊन आमच्या दारी आले. मी पडवीतून सारे ऐकत होते. त्यांनी अदबीने विचारले, तुमच्याकडे एक जुनी मोटार आहे असे ऐकले. माझा जीव भोंग्यात गोळा झाला.

किनुबाई आता किनुआजी झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छे हो, कुठली मोटार! आत फक्त अडगळ आहे. दाखवण्यासारखं काही नाही."

आमच्याकडची रीत अशी की आपली वस्तू कितीही लाडकी असो, पाहुण्यापुढे तिला नाक मुरडायचे. आणि पाहुण्याची रीत अशी की एकदा नाही म्हटले की पुन्हा विचारायचे नाही. तोगाशींनी वाकून निरोप घेतला आणि ते गेले. आजी पडवीत येऊन मला म्हणाल्या, "फार सभ्य माणूस आहे गं. आणखी एकदा विचारलं असतं, तर दाखवली असती."

वसंतात ते पुन्हा आले, रानभाजीची जुडी घेऊन. पुन्हा तेच विचारणे, तेच नाही. शरदात आले, तेव्हा आजींनीच त्यांना सुकवलेली फळे बांधून दिली. ती फळे माझ्याच पाठीवरच्या टोपलीतली. आत मी, बाहेर ते, मध्ये एक दार आणि ढीगभर सभ्यता.

त्या वर्षी आजींच्या लेकीने त्यांना सेंदाई शहरात आपल्याकडे कायमचे बोलावून घेतले. पडवी एका अंगाला कलली होती. बर्फ वितळले की ती पाडायची आणि आतले सगळे भंगारवाल्याने न्यायचे, असे ठरले. आपण होऊन अडगळ कुणाच्या गळ्यात मारावी, हे आजींना लाजिरवाणे वाटे. मी काय करणार? ओरडायला भोंगा होता, पण त्यात जीव नव्हता.

वर्ष सरत आले. आजी जाणार हे ऐकून तोगाशी नुसता निरोप घ्यायला आले. बरोबर त्यांची बायको काझुए होती. ही बाई ओसाकाची. ओसाका म्हणजे व्यापाऱ्यांचे शहर, तिथे मनातले ओठांवर यायला वेळ लागत नाही. ती दोघे अंगणात आली, तेव्हा आजी माळ हातात घेऊन पडवीकडेच निघाल्या होत्या.

"आजी, ही माळ कुणाला?" काझुएने विचारले.

"काही नाही गं. आतल्या अडगळीला."

"अडगळीला माळ?" काझुए नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? आमच्या ओसाकात अडगळीला लाथ घालतात, माळ नाही घालत. आजी, दाखवाच तुमची अडगळ. अशाच एका अडगळीबरोबर आयुष्यभर संसार केलाय मी, मला किळस नाही यायची."

तोगाशी माझ्याहून तांबडे झाले. बायकोच्या वतीने क्षमा मागत ते वाकले ते वर येईनात. आजींनी तोंडावर हात धरला आणि त्या हसू लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आले.

"मग तुम्ही विचारलं का नाही?" त्या म्हणाल्या.

"आजी, दर वेळी विचारलं."

"दर वेळी एकदाच विचारलंत."

दार उघडले. तोगाशींनी मला लगेच हात लावला नाही. हातमोजे काढले, थोरामोठ्यांना वाकतात तसे मला वाकले, आणि पुटपुटले, "फार वाट पाहायला लावली." किमतीचा विषय त्यांनी काढला, तेव्हा आजी म्हणाल्या, उसने होते ते परत देते आहे, त्याचे कसले मोल? मात्र माळ चुकवायची नाही. हे सांगताना त्या खरोखर हसत होत्या. मीच तेवढी रडले असेन. छताच्या भोकातून बर्फ गळत होते, त्यामुळे कुणाला कळले नाही.

शेवयांच्या दुकानामागे माझी दुरुस्ती सुरू झाली. इंजिन गंजून घट्ट बसले होते. तोगाशी त्यात तेल सोडत आणि वाट पाहत, घाई करीत नसत. तळाला नवा पत्रा बसला. दिवे आणि कड्या माझ्याच जातीच्या मेलेल्या गाड्यांकडून आल्या. त्या बहिणींचे ऋण मी अंगावर मिरवते. काझुए रोज कुरकुरे, गिऱ्हाइकं टेबलावर आणि मालक गाडीखाली. पण माझ्या गाद्या शिवल्या तिनेच. मी पहिल्यांदा फुर्र केले, तेव्हा तोगाशींनी डोळे मिटून कान लावला, थेट कारखान्यातल्या त्या माणसासारखा. काझुए म्हणाली, "शिंकली! आता जगते ही."

शरदात आम्ही सेंदाईला गेलो. आजी इमारतीखाली काठी टेकून उभ्या होत्या. शेजारची एक बाई थांबून म्हणाली, किती सुंदर गाडी आहे. रीतीप्रमाणे आजींनी हात हलवला. "छे हो. जुनं डबडं आहे."

ती बाई वाकून निघाली. आजींचा हात माझ्या नाकावर होता, माळ बांधायची तिथेच. तो थोडा थांबला.

"अहो," त्यांनी तिला मागून हाक मारली, "खरं सांगू? सुंदरच आहे. माझी होती."

मग त्या तोगाशींच्या शेजारी बसल्या, पूर्वी त्यांची पिशवी असायची त्याच जागेवर. पहिल्या वळणावर जुनी ओळ त्यांच्या ओठी आली आणि मी खालून सूर धरला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी दाराआड कुणीतरी असेल. वस्तू असेल, नाहीतर माणूसही. त्याला जपा. ते आपले लाडके आहे हे एकदा तोंडाने म्हणा. आणि कुणी म्हणाले, आत फक्त अडगळ आहे, तर जाऊ नका. आणखी एकदा विचारा.