घासलेला तवा

"लेओकाडियाबाई, चमकतोय की नाही?" मॅनेजर तिमोनसाहेबांनी विचारलं.

बाईंनी तव्यात पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात स्वतःचं तोंड दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं; एकतीस वर्षांचा तेलाचा काळा थर निघून गेला होता.

"साबणानं धुतलात?"

"तारेच्या घासणीनं. तासभर."

पोलंडमधल्या रादोम गावच्या त्या स्वस्त दूध-खानावळीत लोक येत ते बाईंच्या नालेश्निकींसाठी. कागदासारखी पातळ धिरडी, आत गोड पनीर, वर साय. लोखंडी तव्याला साबण लावायचा नाही, अर्धा बटाटा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि फिरवायचा, एवढंच शास्त्र. पण सोमवारपासून कारखान्यातली गोठवलेली धिरडी येणार होती. बाईंनी ती फक्त गरम करायची. आज शेवटचा शुक्रवार. गाव कॅथलिक, शुक्रवारी कुणी मांस खात नाही, म्हणून रांग दारापर्यंत.

पहिलं धिरडं बिघडतंच. ते स्वयंपाकिणीनं उभ्यानं खायचं असतं. बाईंनी खाल्लं. दुसरं चिकटलं, तेही खाल्लं. तिसरं फाटलं.

"फ्रीजरमधली काढू?" साहेबांनी हळूच विचारलं. "नमुन्याची आलीत."

बाई बुटक्या. वाढपाच्या खिडकीतून बाहेर फक्त त्यांची टोपी दिसे. टोपी म्हणाली, "आज उशीर होईल. घाई असेल त्यांनी घरी जावं."

"मला रिटायर होऊन वीस वर्षं झाली," रेल्वेतले हिपोलितराव म्हणाले. "मला कसली घाई? फाटकंच द्या, साखरेखाली झाकून जाईल."

"फाटकं माझ्या खिडकीतून बाहेर जात नाही, हिपोलितराव. बसा."

चौथं त्यांनी साहेबांपुढे धरलं. "खा."

"मी डाएटवर आहे, बाई."

"हे तुमच्याच साबणाचं आहे."

साहेबांनी खाल्लं. पाचवंही. सातव्याला त्यांनी पट्टा सैल केला. रांगेतलं कुणी हललं नाही. अकरावं धिरडं तव्यावरून आपलं आपण घसरलं. बाईंनी ते दुमडून हिपोलितरावांना दिलं. साहेब भिंतीला टेकले. बोलण्याइतकी जागा आत उरली नव्हती.

पण कारखान्याला ऑर्डर आधीच गेलेली होती. सोमवारी सहा खोकी आली. तिमोनसाहेबांनी ती शेगडीपाशी ठेवली आणि ते फ्रीजर रिकामा करायला गेले. परत आले तेव्हा तवा तापला होता, बटाटा फिरत होता, आणि दोन खोकी बाईंच्या पायांखाली होती.

"बाई, ती वितळतील."

"वितळू द्या. उंची बरोबर जमलीय."

त्या दिवशी खिडकीतून रांगेला बाईंचा पूर्ण चेहरा दिसला. हिपोलितरावांनी आपली टोपी काढली.