पौर्णिमेचं शिबिर

असं समजा बाळांनो, आज तुमच्या गावात डॉक्टर आला आहे. तपासणी फुकट, औषधं फुकट, वर बिस्किटाचा पुडा. तुमच्या आईचं डोकं पहाटेपासून ठणकतं आहे. आता असंही समजा, की तुमचं घर आणि तो डॉक्टर यांच्या मधे एक खाडी आहे. दिसली? शाबास! म्हणजे तुम्ही दिनानाथरावांपेक्षा हुशार निघालात.

दिनानाथराव म्हणजे पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे पुढारी. आरोग्य शिबिर भरवायचे ते पौर्णिमेलाच, कारण दिवस शुभ. आता खाडीकाठी पौर्णिमा म्हणजे उधाण. ऐन दुपारी पाणी इतकं चढतं, की पलीकडच्या वाडीची पायवाट गडप होते. वाडीतली माणसं मिठागरात राबणारी. उधाणाचं पाणी आगरात घ्यायचं, म्हणून त्याच दिवशी सगळ्यांना बांधावर उभं राहावं लागतं. तेव्हा शिबिर नेमकं त्याच वेळी! असा मुहूर्त काढायलाही अंगी कला लागते.

गावची आशाताई होती नमिता. घरोघर फिरून गरोदर बायांची, लेकरांची विचारपूस करणं हे तिचं काम. पण ती माहेरची गागोद्याची, डोंगराकडची. वाडीत जायची ती सकाळी, ओहोटी असताना, चपला हातात घेऊन. भरलेली खाडी तिने तिथून कधी पाहिलीच नव्हती. त्यामुळे वाडीची माणसं शिबिराला आली नाहीत की तीही म्हणायची, "आळशी मेले!"

माघी पौर्णिमेला समाजमंदिरात पंखे गरगरत होते. दिनानाथरावांच्या घरातल्या धडधाकट मंडळींचा रक्तदाब दोनदा मोजून झाला होता.

"बघा डॉक्टर, वाडीतलं एक माणूस नाय," दिनानाथराव म्हणाले. "जागृतीच नाय हो या लोकांत!"

नमिताने मान डोलावली आणि वाडीवाल्यांना हाक मारायला तरातरा काठावर गेली. बघते तर पायवाटेच्या जागी समुद्र! त्यातून एक होडी येत होती. होडी ढकलायचा बांबू होता पुतळी म्हातारीच्या हातात आणि पुढे बसली होती तिची नात किमया.

"काय गो नमिता, पाणी आजच पाहिलंस व्हय?" म्हातारीने विचारलं.

"सरूला का नाही आणलंत? आठवा महिना चाललाय तिला!"

"मी एकटी कशी चढवू होडीत सुनेला? तिचं तोंड सुजलंय. डोकं धरून बसलीय. डोळ्यांपुढे काजवे दिसतात म्हणते."

ही लक्षणं धोक्याची, हे नमिताला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ती धावत मागे फिरली. "डॉक्टर, होडीत चला!"

डॉक्टर सुशील घाबरले. "मला पोहता येत नाही."

मागून आलेली पुतळी म्हणाली, "मला पण सुई टोचता येत नाय. म्हणून तर तुला नेतेय."

"डॉक्टर कुठेही जायचे नाहीत," दिनानाथराव गरजले. "पाहुणे यायचेत अजून!"

नमिताने वाद घातला नाही. तिने डॉक्टरांची बॅग उचलली आणि चालू लागली. बॅगेमागे डॉक्टरांना जावंच लागलं.

होडीत नमिताने हळूच विचारलं, "आजी, पाणी कमी कधी चढतं?"

"अष्टमीला. तेव्हा आगरात पाणी घ्यायचं पण काम नसतं."

"मग पुढचं शिबिर अष्टमीला, वाडीतच घेऊ."

"लय लवकर सुचलं गो तुला," म्हातारी म्हणाली.

वाडीत सरूचा रक्तदाब बघून डॉक्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी तिला गोळी दिली आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पेणला दवाखान्यात न्यायला हवं. उशीर झाला तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे." सगळे पुन्हा होडीत बसले. किमयाने सबंध वाट आईचं डोकं मांडीवर धरलं.

समाजमंदिरापुढच्या मंडपाशी नवीकोरी रुग्णवाहिका उभी होती. तिच्या मागच्या दारावर लाल फीत बांधली होती, ताटात फुलं होती आणि फुलांत कात्री.

"फीत कापल्याबिगर गाडी हलायची नाय," दिनानाथराव म्हणाले. "पाहुणे रोह्याला दुसरी फीत कापतायत. आलेच समजा."

"पाहुणे येईपर्यंत ही बाई थांबेल, पण तिचा आजार थांबणार नाही!" नमिता ओरडली.

"आवाज खाली, ताई. गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय. लाख मोलाची गाडी!"

"कोणासाठी आहे गाडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"रुग्णांसाठी," दिनानाथराव अभिमानाने म्हणाले.

रुग्ण समोर उभा होता. म्हणजे खरं तर उभा राहता येत नव्हतं म्हणून नमिताच्या खांद्यावर कोसळला होता. ड्रायव्हर दिनानाथरावांकडे बघत होता, दिनानाथराव रस्त्याकडे बघत होते आणि रस्त्यावर एक कुत्रंही नव्हतं.

तेवढ्यात किमया ताटाजवळ गेली. तिने कात्री उचलली आणि कचकन फीत कापली. सगळ्या मंडपाने सवयीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. दिनानाथरावांच्याही टाळ्या वाजून गेल्या, मग त्यांच्या लक्षात आलं.

किमयाने कात्री त्यांच्या हातात नीट ठेवली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आधी स्वतः आत चढून आईसाठी दोन्ही हात पुढे केले.