लिफ्टमधलं भूत

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या खात्यात बिघाडाला बिघाड कुणी म्हणत नाही. बंद करून चालू केली की चालणारी लिफ्ट ‘रुसलेली’. जिला हात लावायला सगळे टरकतात ती जुनी मोटर ‘झोपलेली’. आणि तक्रार येते, आपण जातो, काहीच सापडत नाही, ते ‘भूत’. नवीन लागले तेव्हा मला या शब्दांची भारी गंमत वाटायची. रुसलेलीची समजूत काढायची, झोपलेलीला उठवायचं नाही. भुताचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगेना.

ते मला पाचव्या मजल्यावरच्या काकूंकडे कळलं. लिफ्ट मध्येच थांबते आणि जरा वेळाने आपली आपण चालू होते, अशी त्यांची तिसरी तक्रार. आमचे उस्ताद, खात्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक, आधी दोनदा येऊन गेले होते. आजही त्यांनी वरखाली फेऱ्या मारल्या आणि हत्यारं पिशवीत भरली.

“भूत आहे. चल.”

काकू दारातच उभ्या होत्या. “म्हणजे याही वेळी काही नाही म्हणणार?” त्यांनी विचारलं. “मुलगा म्हणतो, आई, तुला भास होतात. सोमवारी डॉक्टरकडे नेणार आहे. तुला आणि बाबांना आता एकटं ठेवायचं नाही म्हणतो.”

माझं डोकंच फिरलं. भूत म्हटलं की आम्ही शोधायचं थांबवायचो आणि ज्याला ते दिसलं त्याच्याकडेच संशयाने बघायचो. उस्तादांसारख्या सज्जन माणसालाही त्यात काही खटकत नव्हतं.

“काकू, तुम्ही रोज जाता तशा जाऊन दाखवा ना,” मी म्हटलं.

“एकटी कुठे जाते मी? यांना घेऊन जाते.” त्यांनी आतून काकांची चाकांची खुर्ची ढकलत आणली. लकव्याने काकांची वाचा गेलेली, त्यामुळे काकूंच्या बाजूने बोलायलाही कुणी नव्हतं.

उस्तादांनी कपाळाला हात लावला. आम्ही कायम रिकामी लिफ्ट तपासत आलो होतो.

त्यांच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरून मी अंग चोरून कोपऱ्यात उभी राहिले. लिफ्ट निघाली आणि लगेच थांबली. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. मी खाली वाकून पाहिलं. खुर्चीची पाय ठेवायची पट्टी दाराला टेकली होती. त्या दाबाने दार केसभर सरकलं होतं, आणि दार उघडं आहे असं समजून लिफ्ट थांबली होती. मी खुर्ची बोटभर मागे ओढली. लिफ्ट चालू. एरवी खुर्ची आपसूक जराशी हलली की ती सुटत असणार.

उस्ताद जिन्याने धापा टाकत खाली पोचले. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं, काकूंकडून मुलाचा नंबर घेतला आणि तिथेच फोन लावला.

“तुमच्या आई पहिल्यापासून खरं सांगत होत्या,” ते म्हणाले. “आम्हीच त्यांना काही विचारलं नाही.”

काकूंना हायसं वाटेल अशी माझी समजूत. पण त्या पायरीवर बसल्या आणि हमसून रडायला लागल्या. जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले.

“मलाही पटायला लागलं होतं गं, त्याचं म्हणणं.”