एकेचाळीस

ओकेझीने दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला आणि खुर्ची पुढच्या माणसासाठी मोकळी केली. पहिला रक्तदाब शिबिर भरवणाऱ्याचाच घ्यावा, म्हणजे गावकरी बिचकत नाहीत, असं डॉक्टर फोलाकेबाईंनी सुचवलं होतं. वार्ताहराने फोटो काढले. बाईंनी वय विचारलं, तेव्हा पंचवीस वर्षांच्या सवयीने तो म्हणून गेला, "एकेचाळीस."

खरं वय सत्तेचाळीस. त्याच्या गावात, उमुओरीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सतरा वर्षांखालच्या संघात शिरताना त्याच्या वयाला सहा वर्षांची कात्री लागली होती; फुटबॉलचं वय म्हणतात त्याला. त्या संघाने चषक आणला, चषकाने त्याला बेल्जियमला नेलं, आणि पुढे चौदा वर्षं तो देशाच्या बचावफळीत उभा राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग त्याच्या शेजारी खेळणारा गडी सरावातच छाती धरून कोसळला, आणि ओकेझीने गावोगाव हृदयतपासणी सुरू केली.

आज कार्डिओग्रामचं यंत्र एकच होतं. म्हणून त्यानेच नियम घातला होता: पंचेचाळिशीच्या पुढच्यांचाच कार्डिओग्राम काढायचा, बाकीच्यांचा नुसता रक्तदाब.

आता त्याचे वयोगटाचे सोबती रांगेत आले. तीन वर्षांच्या एकाच टप्प्यात जन्मलेले, रस्ता मिळून खणणारे, एकमेकांच्या बापांना खांदा देणारे.

"वय?"

"एकेचाळीस," पहिला म्हणाला आणि ओकेझीकडे बघून त्याने डोळा मारला.

ओकेझीला हसू आलं. दुसराही एकेचाळीस म्हणाला. तिसऱ्याच्या वेळी त्याचं हसू ओसरलं. धुळीचा कोरडा वारा शाळेच्या पडवीत घुसत होता, तरी त्याच्या मानेला घाम फुटला.

शेवटी अनोसिके आला. पडवीच्या तीन पायऱ्या चढून तो खांबाला धरून थांबला. श्वास जागेवर आल्यावर बसला.

"तुम्हीही एकेचाळीस?" डॉक्टरबाईंनी पेन उचललं.

"मग काय! आमचा एकच गट. ओकेझी एकेचाळीसचा, तर आम्ही त्याच्याहून म्हातारे कसे होणार?"

"केस तर सगळे पिकलेत."

"बायकोने पिकवले, डॉक्टरबाई!"

पडवी खदखदून हसली. बाईंनी रक्तदाब दोनदा घेतला, कपाळाला आठी घातली आणि गोळ्यांची पाकिटं दिली.

ओकेझी त्याच्यामागोमाग अंगणात गेला.

"अन्या, परत जा. खरं वय सांग. कार्डिओग्राम काढून घे."

"अन् तो कॅमेरावाला? माझं सत्तेचाळीस म्हणजे तुझं सत्तेचाळीस. शाळेत तुझा फोटो टांगलाय, बाबा. पोरं त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी आहेत."

"तुला धाप लागतेय."

"धाप काय, पोट सुटलंय म्हणून." अनोसिके बाकावर टेकला. त्याच्या ओठांचा रंग उतरला होता. "तुला सांगायचं तर तू सांग. मी काही तुझं नाव घालवणार नाही."

ओकेझीला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. तो तडक पडवीकडे वळला. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. पायऱ्यांवर वार्ताहराने त्याला अडवलं.

"साहेब, शेवटचं एक. त्या चषकाबद्दल मुलांना काय सांगाल?"

"मेहनत," ओकेझी म्हणाला. आणखीही बरंच बोलला. आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

आत डॉक्टरबाई यंत्राच्या वायरी गुंडाळायला घेत होत्या.

"कागद उरलाय थोडा," त्या म्हणाल्या. "पंचेचाळिशीच्या पुढचं कुणी राहिलंय का? नीट आठवा."

कॅमेरा अजून चालू होता. अंगणात अनोसिके डाव्या हाताने छाती चोळत कुणाला तरी विनोद सांगत होता.

"नाही," ओकेझी म्हणाला. "कुणी नाही राहिलं."

बाईंनी यंत्राचं बटण बंद केलं. अंगणात अनोसिकेने ओकेझीचं उत्तर ऐकलं होतं; त्याने त्याच्याकडे बघितलं आणि खूश होऊन अंगठा दाखवला.