निंगप्पानं आणलेली ढाल

“दम तुटला की हात वर करायचा, निंग्या. पंचाला ऐकू न्हाय आलं तरी तुला आलं की! आन् ज्या दिवशी हात वर न्हाय केलास, त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून मला कळू देऊ नको. सोता यायचं, हितं म्होरं बसायचं, नि सांगायचं. दे सबूद.”

धोंडीराम वस्तादांचा हा आवाज गोजरबाईच्या कानात अजून तसाच होता. मंद्रूपच्या तालमीपुढं निंगप्पानं मूठभर माती हातात घेऊन शब्द दिला, तेव्हा ती नवी नवरी, पदर नाकापर्यंत ओढून गाडीत बसली होती. सोलापूरच्या गिरण्यांना हुतुतूचे गडी हवे होते. खेळणाऱ्याला कामावर घेत. निंगप्पासारखा लांब दमाचा गडी साऱ्या तालुक्यात नव्हता.

आज त्या आवाजाला जाग आणली ती केराबाईनं. मंद्रूपची ही म्हातारी मिरच्या विकायला सोलापुरात यायची आणि परतताना लेकीकडं डोकवावं तशी गोजरबाईकडं डोकवायची.

“वस्तादाचं काय खरं न्हाय बग,” पाटी उतरवत ती म्हणाली. “हातरुणाला खिळलाय. डोळं गेलं. पर त्वांड लई चालतंय! आल्यागेल्याला धरून सांगतो, माझ्या निंग्यानं गिरणीला ढाल आणली. खरं खेळून आणली. तालमीतल्या पोरांस्नी शपता घालतो तुझ्या नवऱ्याच्या नावानं. एकदा येऊन जा म्हणावं त्याला. वाट बघतोय म्हातारा.”

गोजरबाईच्या हातातली वात वळता वळता थांबली. आत अंधारात निंगप्पा खोकला, आणि खोकतच राहिला.

“आजून हायच का खोकला?” केराबाईनं विचारलं.

“हाय.”

“गूळ-हळद दे की.”

“देते,” गोजरबाई म्हणाली आणि वात पूर्ण केली.

ही वात विकतच्या कापसाची होती. पूर्वी तिला कापूस विकत घ्यावा लागत नसे. निंगप्पा पाळीवरून यायचा तो केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापूस घेऊन. ती त्याला उंबऱ्यावर बसवून तो वेचायची, स्वच्छ करायची आणि त्याच्या वाती वळून रोज सिद्धरामेश्वरापुढं लावायची. घरधन्याच्या घामाचा कापूस देवाला जळतो, याचं तिला मोठं समाधान वाटे. तोच कापूस त्याच्या छातीतही साठतो आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. खेळाडूला काम शिकवण्यात कोण वेळ घालवणार? म्हणून प्रत्येक गिरणीनं त्याला कापूस पिंजायच्या खात्यात उभं केलं. दमासाठी घेतला आणि दम खाणाऱ्या खोलीत कोंडला.

आणि गिरण्या तरी किती! एका हंगामात लाल बनियन, दुसऱ्या हंगामात निळं. संघ हरला की मुकादम दुसरा गडी आणायचा, निंगप्पा दुसऱ्या गिरणीच्या फाटकाशी उभा राहायचा. कुठंही तो बदलीवरच, न आलेल्याच्या जागी रोजापुरता. कायम कधी झाला नाही. एकदा तर जिंकत आलेल्या सामन्यात त्यानं स्वतःहून हात वर केला, आणि संध्याकाळी घरमालक म्हणाला, खोली मोकळी करा, गिरणीनं सांगितलंय. लोक म्हणाले, येडा हाय. गोजरबाईनं देव पदरात बांधले. दरवेळी नवी खोली, नवा कोनाडा. कोनाडा ओळखीचा होतो न होतो तोच देव उचलायचे. तिनं कशाचीच हाव धरली नव्हती. देवांना एक कायमचा कोनाडा मिळावा, एवढंच ती रोज दिवा लावताना मागत होती.

मग सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतला तो सामना आला. आदल्या दिवशी चनबसप्पा मुकादम स्वतः खोलीवर आला. पाट नाकारून दारातच उभा राहून बोलला.

“साहेबानं सांगितलंय. ढाल आली तर निंगप्पा कायम. ही खोली तुमचीच. न्हाय आली तर माज्या हातात काय न्हाय. वैनी, तुमीच समजावा. त्यो हात वर करायचा नाद लई महागात पडतोय.”

मुकादम गेल्यावर गोजरबाईनं ताटात भाकरी वाढली आणि कोनाड्याकडं पाहत म्हणाली, “अवो, उद्या हात वर करू नका.”

निंगप्पा हसला. “वस्ताद काय म्हनतील?”

“वस्तादांचं देव न्हाय उचलावं लागत. माझी आण हाय तुमाला.”

त्यानं भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही.

दुसऱ्या दिवशी होम मैदानावर मुंगीला वाट नव्हती. गोजरबाई बायकांच्या कडेला उभी होती. शेवटची चढाई निंगप्पाची. “हुतुतुतु” म्हणत तो पलीकडं शिरला. समोर एकच गडी उरलेला. तो गडी मागं मागं सरकत गेला, निंगप्पा त्याच्यावर चालून गेला, आणि ऐन कोपऱ्यात निंगप्पाच्या गळ्यावरची, हुतुतूबरोबर उडणारी शीर थांबली. त्या गोंगाटात पंचाला काय ऐकू येणार! पण रोज उंबऱ्यावर कापूस वेचताना त्याचा श्वास ऐकणारीला कळलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत उचलला गेला. त्यानं बायकांच्या कडेला पाहिलं. हात खाली आला, पुढं गेला, त्या गड्याला लागला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो मान खाली घालून, पडू नये म्हणून कुणाचं तरी डोकं धरून बसला होता. घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले आणि तो भिंतीकडं तोंड करून निजला.

ढाल साहेबाच्या काचेच्या कपाटात गेली. कायम केल्याचा कागद आज येईल, उद्या येईल, असं होत होळी उलटली. मग मालाला उठाव नाही म्हणून एक पाळी बंद झाली आणि बदलीवरले पहिले निघाले. निंगप्पा मुकादमाकडं गेला, तेव्हा गोजरबाई फाटकाबाहेर होती. तिला सगळं ऐकू आलं.

“सबूद दिल्ता तुमी,” निंगप्पा म्हणाला.

“मी कुटं दिला? साहेबानं दिला. आन् त्यो साहेब गेला बदलून,” चनबसप्पा म्हणाला. “तुज्यात आता ऱ्हायलंय काय? जिना चढलास तर खोकतोस. खोकनारा गडी घिऊन मी काय कपाटात ठिवू?”

आजूबाजूचे हसले. गोजरबाईनं त्या दिवशीही देव पदरात बांधले.

या गोष्टीला वर्ष होत आलं. निंगप्पानं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भांडून, रडून तिची छाती तरी मोकळी झाली असती. तो नुसता बसून राही, आणि श्वास घेताना त्याच्या छातीत घुंगुर वाजत.

केराबाई पाटी उचलून गेली. गोजरबाई आत वळली.

“ऐकलंत?”

“ऐकलं की.”

“मग?”

“मग काय? वेशीपतूर जायाला दम न्हाय, मंद्रूपला कोन जातंय?” तो हसू लागला आणि खोकल्यानं वाकला. पाणी पिऊन पुन्हा भिंतीला टेकला. “म्हातारा पोरांस्नी माज्या नावानं शपता घालतोय, गोजर. खोट्या नावानं. सांगाया पायजे हुतं. सबूद दिल्ता मी.”

दुसरा दिवस सोमवार. गोजरबाईचा उपास. तिनं अंघोळ करून देवांपुढं दिवा लावला. त्याच्यासाठी भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून उशाशी ठेवली, तांब्या भरून ठेवला. मग पदर डोक्यावर घेऊन तो कमरेला खोचला.

“कुटं?” त्यानं विचारलं.

“मंद्रूपला.”

तो भिंतीचा आधार घेऊन उठून बसला. वस्तादांपुढं तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं, त्यांची सावलीही चुकवून ती बाजूनं गेली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

“सबूद माजा हाय,” तो म्हणाला.

“दम तुमचा हुता,” वहाणा पायांत घालत ती म्हणाली. “हात मी धरला.”

ती बोळातून निघाली. नळावर बायका होत्या. कुणीतरी विचारलं, “उपासाचं एवढ्या सकाळी कुटं गं?” तिनं नुसती मान हलवली. वळणावर आल्यावर तिनं मागं पाहिलं. निंगप्पा दाराची चौकट धरून उभा होता. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं असावं, पण तिच्यापर्यंत काही आलं नाही.

मग त्यानं चौकटीवरचा हात सोडला आणि वर केला. तसाच धरून ठेवला.

गोजरबाईनं तो पाहिला, पदर सारखा केला आणि मंद्रूपच्या वाटेला लागली.